तुम्ही विचारलंत म्हणून: लहान टॅब कोण घेईल का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं मोबाइलचं दुकान आहे म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना, कुठंही लोक गाठतात. पूर्वी कुठल्या कंपनीचा टॅब घ्यावा एवढंच विचारायचे. अलीकडं प्रश्न वेगळा येतो. "हे अकरा इंची अवजड वाटतंय हो. आठ-साडेआठ इंचात कुणी चांगला काढला तर लोक घेतील का?" विचारणाऱ्यांत निवृत्त मंडळी असतात, डॉक्टर असतात, उद्यमनगरातले कारखानदार असतात. कंपन्यांची सेल्सची पोरंसुद्धा चहा पिता पिता हेच विचारतात, कारण त्यांना वर कळवायचं असतं.

घेतील. हे मी ठामपणे सांगतो. पण आज जसा विकला जातोय तसा विकला तर घेणार नाहीत. इंच आणि किंमत हे दोनच आकडे आज लहान टॅबच्या नावापुढं लागतात, आणि या दोन्ही आकड्यांत तो मार खातो. त्याचं बळ रुंदीत आणि वजनात आहे, आणि काउंटरवर ते कुणी काढतच नाही.

गिऱ्हाईक येतं तेव्हा काय होतं बघा. मी लहान टॅब हातात देतो. दोन्ही बाजूंनी फिरवून बघतात, चेहरा खुलतो, "बरा बसतोय हातात" म्हणतात. मग नजर किमतीच्या चिठ्ठीकडं जाते, तिथनं शेजारच्या मोठ्या टॅबकडं, आणि सोबतचा मेव्हणा नाहीतर भाऊ म्हणतो, "आणि थोडं घातलं की मोठा येतोय की! मग ह्यो कशाला?" प्लॉट घेताना गुंठ्याला दर काढावा तसा इंचाला दर काढला जातो आणि लहान टॅब परत काचेत जातो. हातानं एक सांगितलेलं असतं, हिशेबानं दुसरंच ठरतं. पैसे देणारा आणि वापरणारा वेगवेगळा असेल तर विचारायलाच नको.

यात लोकांची चूक नाही. इंचाचा आकडाच फसवा आहे. तो स्क्रीनचा कर्ण असतो, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. आताचे फोन उंच आणि अरुंद असतात, त्यामुळं ६.७ इंचाच्या फोनचा स्क्रीन रुंदीला जेमतेम सात सेंटिमीटर भरतो. ८.७ इंचाच्या टॅबचा भरतो सव्वाअकरा. आकड्यात फरक दोन इंचांचा, प्रत्यक्षात जागा जवळपास दुप्पट. "माझा फोनच पावणेसात इंची आहे, मग आठ इंची टॅब घेऊन काय करू?" हे वाक्य मी रोज ऐकतो. त्याला उत्तर म्हणून मी काउंटरवरची फूटपट्टी उचलतो आणि दोन्ही स्क्रीनवर आडवी धरून दाखवतो. वाचायला रुंदी लागते, कर्ण लागत नाही.

मोठा टॅब आणि लहान टॅब यांच्यातही आकडा असाच फसवतो, फक्त इथं मार लहान टॅबला बसतो. दहा इंच आणि सात इंच म्हटलं की वाटतं, तीस टक्केच तर कमी. एकाच आकाराचे असतील तर क्षेत्रफळ निम्म्यावर येतं. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी हाच मुद्दा धरला होता. पहिला आयपॅड ९.७ इंचांचा, आणि समोर सॅमसंगचा सात इंची टॅब येत होता. सात इंचांचा स्क्रीन आयपॅडच्या ४५ टक्केच भरतो, त्यावर बोटं नीट चालायची तर सोबत पॉलिश पेपर द्यावा लागेल, बोटं घासून बारीक करायला, असं ते बोलले होते. फोनपुढं मोठा, आयपॅडपुढं लहान, असले टॅब जन्मतःच मेलेले, हा त्यांचा निकाल.

पण त्यांच्याच कंपनीत तीन महिन्यांनी, २०११ च्या जानेवारीत, एडी क्यू या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सहकाऱ्यांना ईमेल लिहिला होता की सात इंचांना बाजार आहे आणि आपण तो करावा. पुढं सॅमसंगबरोबरच्या खटल्यात तो ईमेल जगापुढं आला. मधल्या काळात ॲमेझॉनचा किंडल फायर आला, २०१२ च्या जूनमध्ये गुगलचा नेक्सस ७ आला, दोन्ही सात इंची आणि दोन्हींची किंमत १९९ डॉलर. २३ ऑक्टोबर २०१२ ला ॲपलनं ७.९ इंचांचा आयपॅड मिनी जाहीर केला. वजन ३०८ ग्रॅम. पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा होता, म्हणजे निम्म्याहून खाली. बाजारानं तिथं पसंती दाखवली ती या वजनाला आणि किमतीला, असं माझं मत आहे.

आपल्याकडं मात्र लहान टॅबची ओळख वेगळ्या दारानं झाली. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत ‘आकाश’ टॅब आला. जॉब्स गेले तो हाच दिवस. सरकारी योजनेतला, विद्यार्थ्यांसाठीचा, सात इंची आणि अतिशय स्वस्त. हेतू मोठा होता आणि मला तो आजही मोलाचा वाटतो. पण त्याचा टचस्क्रीन दाबावा लागणारा होता, हलक्या स्पर्शानं चालणारा नव्हता, आणि पोरांनी जगातले चांगले टॅब तोवर टीव्हीवर बघितले होते. त्यानंतर सात इंची स्वस्त टॅबची रांगच लागली. काहींत सिम घालून फोन लावता यायचा, आणि महाद्वार रोडवर भलामोठा टॅब कानाला लावून बोलणारी माणसं दिसायची. लहान टॅब म्हणजे हलक्या दर्जाचा, हे समीकरण तेव्हा लोकांच्या डोक्यात बसलं ते अजून निघालेलं नाही. तोवर फोन स्वतःच वाढत गेले. २०१२ साली चार-साडेचार इंची फोनवरून सात इंचांवर जाणं ही मोठी उडी होती, आज ती उडी आकड्यात दिसतच नाही.

मग घेणार कोण? दुकानात एक मावशी येतात, शिक्षिका होत्या. करवीर नगर वाचन मंदिराच्या जुन्या सभासद. ते ग्रंथालय १८५० सालचं, आणि यांच्या पिशवीत तिथलं एखादं पुस्तक असतंच. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर लेकानं त्यांना अकरा इंची टॅब पाठवला होता. "अक्षर छान दिसतंय, पण आडवं पडून धरवत नाही रे. पाच-सात मिनिटांत मनगट भरून येतंय." मी त्यांच्या पिशवीतली कादंबरी घेतली आणि पानावर फूटपट्टी ठेवली. डेमी आकाराचं पुस्तक, पान चौदा सेंटिमीटर रुंद, पण समास सोडला तर मजकूर साडेदहा सेंटिमीटर. शेजारी ८.७ इंचांचा टॅब ठेवला, स्क्रीन सव्वाअकरा. मराठी कादंबरीच्या पानावरचा मजकूर समास कापून त्या स्क्रीनवर लावला की अक्षर छापलेल्याएवढंच येतं, केसभर मोठंच. फोनवर तेच पान दोन तृतीयांशावर जातं आणि ‘र्थ’ मधला रफार आणि वरच्या ओळीतला उकार एकमेकांत मिसळतात. मावशींनी तो टॅब एका हातात धरला, दुसऱ्या हातानं चष्मा सारखा केला आणि खुर्चीत मागं टेकून वाचायलाच लागल्या. त्या वेळी काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक होतं, त्यालाही थांबावं लागलं. मला ते थांबणं योग्य वाटलं.

दुसरे गिऱ्हाईक उद्यमनगरातले. मशीन शॉपमध्ये कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासणारे. एका हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर, दुसऱ्या हातात ड्रॉइंग, आणि दोन्ही हात तेलकट. छापील ड्रॉइंग दोन दिवसांत काळं होतं. फोनवर आकृती मोठी केली की माप दिसतं पण ते कुठल्या बाजूचं हे कळत नाही. आकृती लहान केली की टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचे, आकडे मुंगीएवढे. मोठा टॅब त्यांनी वापरून बघितला होता, तो ऑफिसच्या टेबलावरच राहायचा, कारण मशीनपाशी तो ठेवायचा कुठं? लहान टॅब साडेबारा सेंटिमीटर रुंद असतो, अंगठा एका कडेला आणि बोटं दुसऱ्या कडेला, असा एका पंजात येतो, आणि ॲप्रनच्या खिशात जातो. माझ्या मते कोल्हापुरात लहान टॅबचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इथंच आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात उभं राहून काम करणारी माणसं शेकड्यांनी आहेत, आणि त्यांना टॅब विकायला कुणी कारखान्याच्या दारात जात नाही. विमानाचे पायलट आयपॅड मिनी मांडीला पट्ट्यानं बांधून नकाशे बघतात ते याच कारणानं. बसायची किंवा उभं राहायची जागा अडचणीची, हात कामात, आणि कागदावरचं बारीक तर दिसलंच पाहिजे.

भजनी मंडळांतले पेटीवालेही विचारायला येतात. अभंगांची वही आता पीडीएफमध्ये आली. मोठा टॅब स्टँडवर लावला की समोरच्या पखवाजवाल्याचा चेहरा झाकतो, आणि भजनात त्याच्या नजरेला नजर नसेल तर लय चढवायची कशी? लहान टॅब पेटीच्या झाकणावर आडवा बसतो.

अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना मात्र मी लहान टॅब देत नाही, त्यांनी मागितला तरी समजावतो. त्यांचं सगळं साहित्य ए-फोर आकाराचं. त्या पानावरचा मजकूर साधारण सतरा सेंटिमीटर रुंद असतो, तो सव्वाअकरात बसवला की अक्षर दोन तृतीयांश होतं. स्पर्धा परीक्षेचं पोर दिवसात आठ-दहा तास वाचतं, त्याच्या डोळ्यांशी हा खेळ नको. शेजारी वही उघडून पेननं लिहायचं असेल तर मोठाच हवा. घरात एकच टॅब आणि वापरणारे चौघं असतील तरीही मोठाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी जे टॅब घरोघरी गेले त्यात मोठ्या स्क्रीनची मागणी होती आणि ती बरोबर होती.

आता कंपन्यांकडं वळतो, कारण मला राग येतो तो इथं. लहान टॅबला मागणी नाही असं म्हणायचं, आणि लहान टॅब बनवताना हात आखडायचा. २०२३ साली सॅमसंगनं एकाच नावाचे दोन टॅब आणले. अकरा इंची टॅब ए९ प्लसला १९२० बाय १२०० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) स्क्रीन, म्हणजे इंचाला २०६ ठिपके. ८.७ इंची टॅब ए९ ला १३४० बाय ८००, इंचाला १७९. लहान स्क्रीन डोळ्यांच्या जवळ धरतात, त्यावर अक्षर बारीक असतं, तिथं ठिपके जास्त हवेत. दिलेत कमी. देवनागरीत हे लगेच जाणवतं, जोडाक्षरांची पोटं भरून येतात. पहिल्या आयपॅड मिनीतही हेच झालं होतं. त्या वर्षी मोठ्या आयपॅडला इंचाला २६४ ठिपके होते आणि मिनीला १६३. पुढच्याच वर्षी ॲपलनं ते सुधारलं आणि ३२६ वर नेलं. २०१५ ते २०१९ मिनीला हात लावला नाही, पण बंदही केला नाही; २०१९ ला नवा आणला, २०२१ ला ८.३ इंचांचा केला, वजन ३०० ग्रॅमच्या आत. गिऱ्हाईक नसतं तर एवढा खटाटोप कुणी केला नसता. फक्त तो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा नवा आला तेव्हा आपल्याकडं ४९,९०० रुपयांपासून होता. त्या किमतीत उद्यमनगरातला फोरमन काय घेणार, आणि भजनी मंडळ काय घेणार?

किमतीचं गणितही सरळ सांगायला हवं. टॅबमधला प्रोसेसर, मेमरी, जोडणी, तपासणी यांचा खर्च स्क्रीन लहान झाला म्हणून कमी होत नाही. वाचतो तो काचेत आणि बॅटरीत. त्यामुळं लहान आणि चांगला टॅब हा मोठ्या चांगल्या टॅबपेक्षा थोडाच स्वस्त पडणार. हे गिऱ्हाइकाला पटवायचं असेल तर इंच सोडून दुसरं काहीतरी दाखवावं लागेल. सेल्सच्या पोरांना मी कागदावर लिहूनच देतो: स्क्रीन मोठ्याइतका नितळ द्या, सिमची खाच द्या, कारण शेडमध्ये वायफाय नसतं, आणि खोक्यावर कर्णाशेजारी रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये ठळक छापा.

तुम्हाला स्वतःसाठी घ्यायचा असेल तर जे रोज वाचता तेच फोनमध्ये घेऊन दुकानात या. पोथी, ड्रॉइंग, दवाखान्याचे रिपोर्ट, काहीही. दोन्ही टॅबवर उघडा आणि खुर्ची न घेता, उभं राहून, एका हातात धरून वाचा. कुणी घाई करत असेल तर करू द्या. आणि पैसे देणारा वेगळा असेल तर त्यालाही तेवढाच वेळ तो टॅब हातात धरायला सांगा.