लुधियानाला जाऊन सायकल बनताना बघितली, जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

अण्णांचं पुण्यात सायकलचं दुकान होतं त्यामुळे लुधियाना म्हणजे माझ्यासाठी लहानपणापासून खोक्यावर छापलेलं गाव. नवी सायकल दुकानात जोडलेली कधी यायचीच नाही, फ्रेम वेगळी, रिमा वेगळ्या, छरे पुडीत, मग अण्णा सगळं जोडत बसायचे. हा माल येतो कुठून ते बघायचं फार दिवस मनात होतं, या फेब्रुवारीत जमलं.

पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे, मुंबईकरांना पश्चिम एक्सप्रेस किंवा गोल्डन टेंपल मेल. डिसेंबर-जानेवारी टाळा, धुक्यात गाड्या खूप लेट होतात.

परवानगी आधीच काढा. एका कारखान्याच्या गेटवर मी तसाच गेलो आणि तासभर थांबून परत आलो. दुसरीकडे ओळखीच्या डीलरने फोन केला होता म्हणून आत घेतलं. मोबाईल गेटवर ठेवावा लागला. बूट घालूनच जा, आणि कानात घालायला कापूस न्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा आवाज सहन होत नाही.

आत सगळ्यात जास्त वेळ मी डबल बारवाल्या काळ्या सायकलीच्या लाईनवर थांबलो. फ्रेमच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे जोडावरच्या पोकळ तुकड्यात, बसवतात आणि तो जोड वितळलेल्या पितळात बुडवतात, पितळ आपोआप फटीत शिरतं, बाहेर काढला की जोड लालभडक. पुढे ॲसिडची धुलाई, रंग, भट्टी. रिम म्हणजे पत्र्याची पट्टी, रोलरमधून गोल होऊन येते, मग टोकं वेल्ड करून आऱ्यांसाठी भोकं पाडतात, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४०, कारण वजन मागे पडतं.

आणि मग आऊट काढणारे, म्हणजे चाकाचं डुलणं घालवणारे. एक बाई चाक फिरवायच्या, कुठे डुलतंय ते बघून दोन आरे आवळायच्या, एक ढिला करायच्या, परत फिरवायच्या. अण्णा डोळे बारीक करून अगदी हेच करायचे. मी तिथे किती वेळ उभा होतो मलाच कळलं नाही.

पण फक्त मोठा कारखाना बघून परत येऊ नका हं. हीरो १९५६ पासून इथली, एव्हन इथलीच, तरी सायकल खरं तर अख्खं शहर मिळून बनवतं, कुणी नुसते मडगार्ड करतं, कुणी पायडल, कुणी नुसता चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. गिल रोड, मिलर गंजच्या गल्ल्यांतून अर्धा दिवस पायी फिरा, छोट्या शेडमध्ये विचारलं तर लोक आवडीने दाखवतात आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. रविवारी जाऊ नका, बरंच बंद असतं.

तिथल्याच एका दुकानातून अण्णांसाठी आरे आवळायची चावी आणली. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण घरी पोचल्यावर त्यांनी आधी माझ्या सायकलचं मागचं चाक काढायला लावलं.