म वरून ग वर येताना

मी बासरी शिकलो ती फोंड्याला, देवळातल्या भजनाला साथ करत करत, त्यामुळं माझ्या डोक्यात सा म्हणजे सा, तानपुरा चालू झाला की घर तिथंच. गेली दोन वर्षं दर शनिवारी मडगावला एका गिटारवाल्या अंकलकडे जातोय, पंचाहत्तरीचे आहेत, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे डो रे मी म्हणत स्वर वाचायला, शिकलेले, आणि त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून आम्ही वाजवतो. तिथं कळलं की सा जागेवर असला तरी त्याच्या खालची जमीन सरकत असते.

अंकल तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे जुडगे, लावतात, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. माझी बासरी पांढरी एकची, म्हणजे सी ला सा. आता सरगममध्ये बघा, पहिल्या कॉर्डमध्ये रे म ध सा, दुसऱ्यात प नी रे म, तिसऱ्यात सा ग प नी. सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाटाचेच, म्हणून मला वाटायचं काहीही वाजवलं तरी चालतंय, आणि मी आपला वरखाली ताना घेत सुटायचो. एकदा अंकलनी तारांवर हात ठेवला, कोंकणीत म्हणाले, "मातसो राव रे," जरा थांब रे. कॉर्ड बदलला ते तुझ्या बासरीतनं ऐकूच आलं नाही म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. बेसूर एकही स्वर नव्हता पण तीनही कॉर्डवर मी एकच गोष्ट बोलत होतो.

मग मी वहीत लिहून बघितलं. पहिल्या कॉर्डमधला सा दुसऱ्यात नी वर उतरतो आणि तिसऱ्यात तिथंच राहतो. म पहिल्या दोन्हीत आहे, तिसरा कॉर्ड आला की ग होतो. बस, कॉर्ड बदलला हे सांगणारे स्वर हेच, म्हणजे कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजला तर तिसरा आणि सातवा. बासरीवर पहिलं भोक अर्धं झाकलं की शुद्ध म, पूर्ण झाकलं की ग, एवढंसं बोट सरकतं आणि सगळं घरी आल्यासारखं वाटतं, मला अजून दरवेळी अंगावर काटा येतो. सी मेजरवर म धरून ठेवला तर मात्र तो ग शी भांडतो, जाता जाता लागला तर चालतो. ध तिथं गोड लागतो, कॉर्डमध्ये नसला तरी. म्हणजे सारखे कॉर्डचेच स्वर वाजवायचे असं नाही, ते पलटे, म्हणजे रियाजाचे ठरीव स्वरक्रम, वाटतील, पण समेवर टेकायचं ते तिथं.

आणि टेकायच्या आधी थांबायचं! हे मला जास्त जड गेलं. जी सेव्हनवर म धरायचा, तिसऱ्या मात्रेला सोडायचा, चौथी पूर्ण रिकामी, आणि मग ग. त्या एका रिकाम्या मात्रेत ऐकणारा मनात ग लावून बसलेला असतो. दमदार तिहाईत, म्हणजे मध्ये थांबत एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात त्यात, मधल्या दमाचं जे काम तेच हे, किंवा तीनतालात नवव्या मात्रेला खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, येते आणि तिच्या पुढच्या मात्रांना डग्गा गप्प असतो पण ताल कुठं आहे ते सगळ्यांना कळतं. आधी मी श्वास संपला की घ्यायचो, मग ओळ कुठंही तुटायची. आता श्वासाची जागा आधी ठरवतो. शंकर-जयकिशनची जुनी गाणी ऐका, त्यांचे अरेंजर आपल्या गोव्याचेच सेबॅस्टियन डिसोझा, गाणारा थांबतो तिथं व्हायोलिन कसं अलगद आत येतं ते बघा. गाणाऱ्यानं जागाच सोडली नसती तर ते येणार कुठून?

गेल्या शनिवारी मी एक आख्खा बार, म्हणजे चार मात्रांचा एक खंड, सोडला. नुसती गिटार, आणि गल्लीत पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा. मग ग लावला, लांब. अंकलनी डोळे मिटले होते ते मिटलेलेच राहिले.

पुढच्या वेळी सी नंतर ए मायनर सेव्हन घालूया म्हणालेत, म्हणजे ध सा ग प. ग दोन्हीत आहे, तो धरून ठेवता येईल, आणि परत डी मायनर आला की पहिलं भोक अर्धं उघडून म.