गावाकडच्या पॅरिशमध्ये कन्फेशन : माझा अनुभव

विदर्भातल्या खेड्यांत कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करून पापमुक्ती मिळवण्याचा संस्कार, मिळत नाही, अशी तक्रार बदली होऊन आलेल्या कॅथलिक कुटुंबांकडून नेहमी ऐकू येते. चर्चच्या फळ्यावर मिस्साची (सामुदायिक उपासनेची) वेळ लिहिलेली असते, कन्फेशनची नसते. त्यावरून हा समज होतो. माझा अनुभव असा की मिळतं, पण मागावं लागतं.

बहुतेक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकच फादर (धर्मगुरू), फार तर दोन. शाळा, हॉस्टेल आणि आजूबाजूची गावं त्यांच्याच अंगावर. रविवारी मुख्य चर्चमधली मिस्सा आटोपली की गाडी लगेच पुढच्या गावाला निघते. म्हणून रविवारी मिस्साच्या पाच मिनिटं आधी फादरना गाठण्यात काही अर्थ नाही. त्या वेळी माईक खरखरत असतो आणि वाचन करणारा अजून आलेला नसतो. त्यापेक्षा साधा वार बरा. सकाळची मिस्सा बरेचदा सिस्टरांच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) असते, तिच्या अर्धा तास आधी फादर मोकळे सापडतात. आदल्या संध्याकाळी फोन करून ठेवायचा.

फोनवर ‘फादर, भेटायचं होतं’ एवढंच म्हणू नका. शाळेचा प्रवेश नाहीतर बाप्तिस्म्याचा दाखला असणार, असं समजून ते ऑफिसच्या वेळेत बोलावतात. ‘कन्फेशन करायचं आहे, दहा मिनिटं लागतील, उद्या मिस्साच्या आधी येऊ का?’ असं सरळ विचारावं. यात उपकार मागितल्यासारखं काही नाही. चर्चच्या १९८३ च्या कायद्याचं कलम ९८६ पॅरिशच्या फादरवर ही जबाबदारीच टाकतं : रास्तपणे मागणाऱ्याचं कन्फेशन ऐकायचं आणि लोकांच्या सोयीचे दिवस-वेळ ठेवायचे.

चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा भागात आणखी एक शंका निघते. तिथला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार रीतीचा, म्हणजे केरळमधल्या कॅथलिक परंपरेचा, आहे. आपण लॅटिन (रोमच्या) रीतीचे, मग तिथलं कन्फेशन चालेल का? चालतं. कलम ९९१ प्रमाणे कन्फेशन कोणाकडे करायचं ते आपण निवडतो, दुसऱ्या रीतीचा धर्मगुरूही चालतो. प्रार्थनेचे शब्द थोडे वेगळे वाटतील, पापमुक्ती तीच.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळाआधी शेजारच्या पॅरिशचे फादर एकत्र येऊन सगळ्यांची कन्फेशनं ऐकतात. तारीख आदल्या रविवारच्या सूचनांमध्ये सांगतात, आणि नेमक्या त्याच वेळी अर्धे लोक बाहेर चपला शोधत असतात. ओळखीच्या फादरसमोर जीभ अडते त्यांच्यासाठी हा दिवस उत्तम. वर्षानुवर्षांचं साचलेलं असेल तर मात्र त्या रांगेत उभं राहू नये. मागच्यांच्या चुळबुळीने घाई होते आणि मोठं पाप सांगायचंच राहतं. खरोखर विसरलं असेल तर पुढच्या वेळी सांगता येतं; मुद्दाम लपवलं तर कन्फेशनच होत नाही.

भाषेची अडचण खरी आहे. अनेक फादर केरळचे, त्यांची मराठी कामापुरती. हिंदी बहुतेकांना येते. लांबलचक कहाणी सांगितली तर गोंधळ होतो, शिवाय तीत पाप जावेचं निघतं आणि कन्फेशन आपलं असतं. ‘दारू पिऊन बायकोला मारलं, तीन वेळा’ अशी लहान वाक्यं पुरतात. गंभीर पापाचा प्रकार आणि संख्या सांगायचीच असते. प्रायश्चित्त काय दिलं ते कळलं नाही तर तिथेच पुन्हा विचारावं, घरी येऊन अंदाज बांधू नये. कलम ९९० दुभाष्याचीही मुभा देतं आणि त्यालाही गुप्तता पाळावीच लागते. तरी खेड्यात मी तो मार्ग शेवटचा धरीन.

छोट्या चॅपेलमध्ये फादर आणि आपल्यामध्ये आड असणारी कन्फेशनची जाळी नसते. फादर खुर्ची टाकून बसतात आणि समोरासमोर बोलावं लागतं. नको असेल तर आधीच सांगा, खुर्ची आडवी करून मध्ये पडदा लावता येतो. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मात्र हा संस्कार होत नाही, फादर कितीही लांब असले तरी. मिस्साच्या सुरुवातीला सगळे मिळून पापांची कबुली देतात, तीही गंभीर पापासाठी पुरत नाही. फादर येईपर्यंत देवावरच्या प्रेमातून आलेला मनापासूनचा पश्चात्ताप आणि संधी मिळताच कन्फेशन करण्याचा पक्का निश्चय, एवढं आपल्या हातात असतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते आजाऱ्यांच्या बाबतीत. ‘शेवटचे संस्कार’ म्हणून लोक पेशंट बेशुद्ध झाल्यावर फोन करतात. मग तेलाचा अभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) होतो, कन्फेशन होऊ शकत नाही. माणूस बोलतो आहे तोवर बोलवा, ऑपरेशनच्या आधीच बोलवा. आपले फादर बाहेरगावी असतील तर कोणताही धर्मगुरू चालतो. मरणाच्या धोक्यात त्याला वेगळी परवानगी लागत नाही. बोलावताना घरात काय सोय करायची तेही सांगून ठेवतो : टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती, पाणी, आणि कन्फेशन चालू असताना बाकीच्यांनी अंगणात थांबायचं. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी असेल तर तेही फोनवरच कळवावं, म्हणजे फादर दुसऱ्या रस्त्याने निघतील.