तुम्ही विचारलंत म्हणून: रेना की ज्युलिएट?

दोन वर्षांतून एकदा सांगलीला जाणं होतं आणि पहिल्याच चहाला हा प्रश्न येतो. ‘तू नॅशव्हिललाच राहतेस ना? ती सिरियल बघितली असशीलच. मग खरं सांग, तू कोणाच्या बाजूची? रेनाच्या की ज्युलिएटच्या?’ भाची विचारते, भाचीच्या मैत्रिणी विचारतात. एकदा तर बँकेत केवायसीच्या रांगेत शेजारच्या बाईंनी विचारलं. घाईत मी ‘रेना’ म्हणून सुटका करून घेते. ते खरं उत्तर नाही. खऱ्या उत्तराला एक कप चहा पुरत नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालिकेचं नाव गावाचंच, ‘नॅशव्हिल’; अमेरिकेतलं हे गाव म्हणजे तिथल्या लोकसंगीतातून आलेल्या ‘कंट्री’ संगीताचं माहेरघर. ऑक्टोबर २०१२ मध्ये एबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली. चार सीझननंतर, २०१६ च्या मे महिन्यात, त्यांनी ती बंद करून टाकली. प्रेक्षकांनी इतका गलका केला की महिन्याभरात सीएमटी या दुसऱ्या वाहिनीनं ती उचलली, आणि जुलै २०१८ पर्यंत ती चालली. एकूण १२४ भाग. निर्मिती कॅली खुरी यांची, म्हणजे पटकथेचं ऑस्कर घरात असलेल्या बाई. कॉनी ब्रिटन झाली रेना जेम्स: चाळिशीची, कंट्री संगीताची सम्राज्ञी, पण तिकिटं खपेनाशी झालेली. हेडन पॅनेटिएर झाली ज्युलिएट बार्न्स: विशीतली, चकचकीत, स्टेडियम भरणारी, घरी मात्र व्यसनी आई. पहिल्याच भागात रेकॉर्ड कंपनी रेनाला सांगते, दौऱ्यात ज्युलिएटच्या आधी तू गा. म्हणजे हिनं सतरंज्या अंथरायच्या आणि तिनं मैफल मारायची. रेना अर्थातच उठून जाते.

माझ्या मावशीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘मग संयुक्त मानापमान घाला म्हणावं.’ ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, असा दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग केला होता. टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढं तीन महिन्यांत केशवराव गेलेच. मावशीचा जन्म नंतरचा, पण आजोबांकडून ऐकलेलं असं सांगते की स्वतः पहिल्या रांगेत बसली होती. गंमत म्हणजे मालिकेत पुढं तेच होतं. रेकॉर्ड कंपनी दोघींना समोरासमोर बसवते आणि एक गाणं मिळून लिहायला लावते. इथं स्वराज्य वगैरे काही नाही, कंपनीचा ताळेबंद आहे, एवढाच फरक.

तर बाजू.

मी पहिला सीझन दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की या दोघी मुकुटासाठी भांडतच नाहीयेत. त्या एका माणसासाठी भांडतायत, आणि प्रेमबीम नंतरची गोष्ट. तो माणूस डीकन, रेनाचा गिटारवाला, दारूतून बाहेर आलेला, तिचा जुना प्रियकर. रेनाची चांगली गाणी तिनं त्याच्याबरोबर बसून लिहिलेली. ज्युलिएटला तो हवा असतो तो त्यासाठीच. तिच्याकडे पैसा आहे, गर्दी आहे, पण तिला कोणी गंभीरपणे घेत नाही, कारण तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं गाणं नाही. सुरुवातीच्या भागांत ती डीकनबरोबर गिटार घेऊन बसते, एक ओळ तो टाकतो, एक ती टाकते, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरतो. मला ज्युलिएट तिथं पहिल्यांदा आवडली.

इथं राहिल्याशिवाय हे मला कळलं नसतं. मी या गावात आले ती इस्पितळांच्या बिलांचं सॉफ्टवेअर करायला. (हसू नका, नॅशव्हिलमध्ये इस्पितळांचा धंदा गाण्याच्या धंद्याहून मोठा आहे.) आमच्या गल्लीतला निम्मा माणूस काहीतरी ‘लिहितो’. मला आधी वाटलं कादंबऱ्या लिहितात. गाणी लिहितात! सकाळी दहाला डबा घेऊन एखाद्या ऑफिसात जायचं, दोघातिघांनी खोलीत बसायचं आणि संध्याकाळपर्यंत गाणं करून उठायचं. मालिका चालू होती त्या काळात विकल्या गेलेल्या प्रतीमागे एका गाण्याला लिहिणाऱ्यासाठी कायद्यानं ठरलेला दर होता ९.१ सेंट. त्यातही प्रकाशक आणि बरोबर लिहिणारे वाटेकरी. दुसरी गंमत अशी, की अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गाणाऱ्याला दमडी मिळत नाही, पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला. म्हणजे स्टार गायिका हातात पेन का धरू पाहते, याचं निम्मं कारण कलेत आहे आणि निम्मं हिशेबाच्या वहीत.

यातलं बरंच काही ब्लूबर्ड कॅफेत बसून कळतं. मालिकेत दिसतं तेच हे ठिकाण. १९८२ मध्ये एमी कर्लंड यांनी सुरू केलं. मालिका पाहून मनात काही भव्य असेल तर काढून टाका. ग्रीन हिल्स भागात दुकानांची एक बुटकी रांग, पुढं गाड्या लावायची जागा, आणि आत जेमतेम ९० खुर्च्या. शूटिंगसाठी त्यांनी ही खोली स्टुडिओत जशीच्या तशी उभारली होती, भिंतीवरच्या फोटोंसकट. मालिकेनंतर तिथं इतकी गर्दी झाली की आता जागा मिळणं म्हणजे तत्काळचं तिकीट काढण्यासारखं आहे. बटण दाबेपर्यंत संपलेलं.

मला मिळालं तेव्हा मी बसले खोलीच्या मधोमध मांडलेल्या चार खुर्च्यांच्या अगदी पाठीशी. चौघं लिहिणारे एकमेकांकडे तोंड करून बसतात, आपण भोवती. मंच नाहीच. पाळीपाळीनं प्रत्येकानं आपलं एक गाणं म्हणायचं, बाकीच्यांना वाटलं तर त्यांनी साथ धरायची. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखंच, फक्त पान नाही. आणि बोलायचं नाही. ‘श्श’ हा तिथला कायदाच आहे. माझ्या नवऱ्यानं चिप्सच्या टोपलीत हात घातला, कुरकुर आवाज झाला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या आजीबाईंनी असं बघितलं की पुढचा तासभर चिप्स तशाच राहिल्या.

माझ्यासमोरचा माणूस साठीचा, टक्कल, चेक्सचा शर्ट, किराणा घ्यायला आल्यासारखा. तो म्हणाला, हे गाणं घटस्फोटाच्या आठवड्यात लिहिलं, मग ते एका मोठ्या गायकानं घेतलं आणि त्यातून माझ्या मुलीचं कॉलेज झालं. आवाज फाटका होता, वरचा सूर लागला नाही. पहिली ओळ आली आणि भोवतालच्या सगळ्यांचे ओठ हलायला लागले. गाणं सगळ्यांना पाठ होतं. त्या माणसाचं नाव मात्र त्या संध्याकाळपर्यंत मी तरी ऐकलेलं नव्हतं.

मी आकाशवाणीवर वाढलेली बाई. आमच्याकडे निवेदिका आधी ‘गीत’ म्हणायची, मग ‘संगीत’, मग गाणाऱ्याचं नाव. १९५५ साली पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं तेव्हाही सुधीर फडक्यांच्या आवाजाइतकंच माडगूळकरांचं नाव घराघरात गेलं. त्यामुळं ज्याचे शब्द अख्ख्या खोलीला पाठ, तो रस्त्यानं बिनओळखीचा चालतो, हे मला पचायला वेळ लागला.

मालिकेचं कौतुक मी करते ते एवढ्यासाठी की तिनं हे दाखवलं. बाकी तिनं काय काय केलं विचारू नका. अपघात, कोमा, कोणाचं मूल कोणाचं, विमान कोसळणं; आपल्या दुपारच्या मालिकांनी शिकवणी लावावी असा ऐवज आहे. पाचव्या सीझनमध्ये रेनालाच मारलं, त्यानंतर मी सवयीनं बघत राहिले. पण नटांनी गाणी स्वतः गायली. कॉनी ब्रिटनचा आवाज काही असामान्य नाही, आणि मला तोच बरा वाटला. दमलेल्या बाईचा आवाज दमलेलाच हवा.

तर मी तिसऱ्याच्या बाजूची. स्टुलावर बसून दुसऱ्यासाठी ओळ शोधणाऱ्याच्या. पहिल्या भागाच्या शेवटाला स्कार्लेट नावाची मुलगी, ब्लूबर्डमध्ये टेबलं सांभाळणारी, वहीत कविता करणारी, गनर नावाच्या मुलाबरोबर पहिल्यांदा गाते. मागं एक म्हातारा निर्माता उभा असतो. तो रेनाला फोन लावतो आणि काही न बोलता फोन गाण्याच्या दिशेनं धरतो. हा म्हातारा झाला होता जे. डी. साउथर, जो स्वतः खराखुरा गीतकार, ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या गाण्यांच्या लेखकांपैकी एक. दुसऱ्यांदा पाहताना हे कळलं आणि मी तिथंच थांबवून परत लावलं.

गेल्या खेपेला सांगलीत मावशीला मी तेवढाच तुकडा फोनवर दाखवला. इंग्रजी तिला कळत नाही. डोळे मिटून ऐकलं तिनं. मी सांगितलं, हा गाणारा मूळचा इंग्लंडचा आणि ही गाणारी ऑस्ट्रेलियाची; मावशीला त्याचं काही नव्हतं. गाणं संपल्यावर म्हणाली, ‘कवी कोण गं?’

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं पाहून माहीत नव्हतं. तिच्यासमोरच शोधलं. जॉन पॉल व्हाइट आणि आरम रे. मावशीनं दोन्ही नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि मग चहा टाकायला उठली.