आमची वाटचाल : पिवळ्या पाण्यापासून काळ्या गाळापर्यंत

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कारखान्यातलं धुण्याचं पाणी चाचणीनळीत घेतलं होतं. फिकट पिवळं, दिसायला निरुपद्रवी. तपासणीच्या द्रावणाचे चार थेंब पडले आणि ते जांभळंगर्द झालं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम धातूचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप! तेव्हा आम्ही कारखान्यांना चुना पुरवायचो, आणि या क्रोमियमवर नुसत्या चुन्याची मात्रा चालत नाही. आधी त्याचं रूप बदलावं लागतं. हे काम जिवाणूंकडून करून घेता येतं, आणि त्या दिवसापासून कारखान्यांचं धातूमिश्रित सांडपाणी जिवाणूंकरवी शुद्ध करण्याचा ध्यास लागला.

वाट आम्ही पाडलेली नाही. सल्फेटवर जगणारे जिवाणू डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८९५ मध्येच वेगळे केले होते, आणि नेदरलँड्समधल्या बुडेलच्या जस्त कारखान्यात १९९२ मध्ये त्यांच्याकरवी भूजल शुद्ध करायला सुरुवात झाली. हवाबंद टाकीत हे जिवाणू मळीवर पोसले जातात आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. पाण्यात विरघळलेलं तांबं, शिसं, जस्त, कॅडमियम त्याच्याशी जोडलं जाऊन तळाला बसतं. क्रोमियमचंही विषारी रूप मोडतं आणि ते हायड्रॉक्साइड होऊन खाली येतं.

अशा टाक्या बसवायला लागलो, त्या पहिल्याच वर्षी मोठा फटका बसला. एका ग्राहकाकडे रात्रपाळीत आम्लाची अख्खी टाकी आमच्या जिवाणूंच्या टाकीत सोडली गेली. सामू (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, pH) घसरला, सल्फाइडचा वायू उसळला, भोंगा वाजला आणि सगळे बाहेर पळाले. माणसं वाचली, जिवाणू मेले. नवी वाढ उभी राहायला पाच आठवडे लागले. चूक आमचीच होती. येणारं पाणी आधी साठवून तपासायची टाकी आम्ही खर्च वाचवायला गाळली होती. आता तिच्याशिवाय आम्ही काम घेतच नाही.

‘जिवाणू धातू खाऊन टाकतात ना?’ असं अजूनही विचारलं जातं. नाही. धातू नष्ट होत नाही, पाण्यातून गाळात येतो, आणि तो गाळ सांभाळावाच लागतो. हे ऐकून काही जण परत गेले. जाऊ देत, खोटं सांगून टाकी विकायची नाही.

सध्या सगळा जीव गुंतलाय तो तांबं वेगळं काढण्यात. आम्लधर्मी पाण्यातही तांब्याचं सल्फाइड खाली बसतं, जस्ताला मात्र सामू वर न्यावा लागतो. म्हणून जिवाणू एका टाकीत सुखरूप ठेवून त्यांचा वायू तेवढा पुढच्या दोन टाक्यांत, वेगवेगळ्या सामूला सोडतो. पहिल्या टाकीतला काळा गाळ बोटांवर घेतला की काजळासारखा हातमोज्याला चिकटतो. त्यात जस्त किती उतरतंय, ते रोज मोजतोय.