जावास्क्रिप्टमधली मेमरी लीक मी कशी शोधली

आमचं डॅशबोर्ड लोक सकाळी उघडतात ते दिवसभर बंदच करत नाहीत. दुपारनंतर टॅब जड व्हायचा आणि रिफ्रेश केला की पुन्हा सुरळीत चालायचा. रिफ्रेशने बरं होणारं दुखणं म्हणजे बहुतेक वेळा मेमरी लीकच, म्हणजे नको झालेला डेटा मेमरीत साचत जाणं.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मेमरी टॅब उघडून एक हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय आहे याची नोंद, घेतला. मग एकच रिपोर्ट अनेकदा उघडून बंद केला, दुसरा स्नॅपशॉट घेतला आणि दोन्हींची तुलना केली. स्नॅपशॉटच्या आधी गार्बेज कलेक्शन (कुणालाही न लागणारी मेमरी मोकळी करणं) होतं, त्यामुळे त्यानंतरही जे उरतं ते खरोखर कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. जितक्या वेळा रिपोर्ट उघडला होता, तितके डेटाचे ॲरे (याद्या) जसेच्या तसे शिल्लक होते.

त्यातला एक ॲरे निवडून रिटेनर्सची, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्यांची, यादी वाचत गेले. ॲरेला एका कॉन्टेक्स्टने (व्हेरिएबल्स ठेवायच्या जागेने) धरलं होतं, कॉन्टेक्स्टला एका क्लोजरने (बाहेरची व्हेरिएबल्स लक्षात ठेवणाऱ्या फंक्शनने), आणि ते क्लोजर होतं विंडोवरचा रिसाइझ लिसनर, म्हणजे विंडोचा आकार बदलला की चालणारं फंक्शन. त्या लिसनरमध्ये ॲरेचं नावही नव्हतं! तो फक्त चार्टची रुंदी बदलत होता. इथे मी बराच वेळ अडले.

उलगडा झाला तो क्रोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही८ इंजिनच्या कामाच्या पद्धतीमुळे. एकाच स्कोपमध्ये (कोडच्या एकाच कक्षेत) तयार झालेल्या सगळ्या क्लोजर्सना मिळून एकच कॉन्टेक्स्ट असतो. त्यांपैकी एकाने जरी एखादं व्हेरिएबल वापरलं, तरी ते त्या सामाईक कॉन्टेक्स्टमध्ये जातं. आमचं फिल्टरचं फंक्शन शेजारीच होतं आणि ॲरे त्याला लागत होता. रिपोर्ट बंद झाल्यावर फिल्टर गेला, पण लिसनर विंडोला चिकटून राहिला आणि त्याच्यामुळे अख्खा कॉन्टेक्स्टही. कोड वाचून हे सापडणं फार कठीण.

लिसनर काढायची ओळ कोडमध्ये होती, पण जोडताना एक ॲरो फंक्शन आणि काढताना तसंच दिसणारं दुसरं. लिसनर काढणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनरला जोडलेलं तेच फंक्शन लागतं. नाही मिळालं तर तो एररही देत नाही. आता ॲबॉर्टकंट्रोलरचा (काम रद्द करायची सोय) सिग्नल लिसनर जोडतानाच देते आणि रिपोर्ट बंद होताना ॲबॉर्ट करते. शिवाय लिसनर वेगळ्या फंक्शनमध्ये हलवला, तिथे फक्त चार्ट पोहोचतो. ॲरेच्या व्हेरिएबलला नल (काहीच नाही) करूनही भागलं असतं, पण ती मलमपट्टी मला पटत नाही.

तपासताना कन्सोल आधी साफ करा. तिथे लॉग केलेले ऑब्जेक्टही मेमरीत अडकून राहतात आणि नसलेली लीक दिसू लागते.