बोरन्हाणाची तयारी आणि बोरांच्या बिया

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण करता येत असल्यामुळे आम्ही सोयीचा रविवार निवडला आणि आज सायंकाळी ५ वाजता, म्हणजे सर्वांची दुपारची झोप झाल्यावर, शेजारच्या ९ मुलांना बोलावले. काळे झबले, हलव्याचा मुकुट, बाजूबंद, बासरी अशी जय्यत तयारी होती. मात्र आमच्या दीड वर्षाच्या उत्सवमूर्तीने मुकुट दोन मिनिटांत काढून चाटायला घेतला.

खरा विचार करावा लागला तो डोक्यावरून ओतायच्या खाऊचा. त्यात चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा असतात. परंतु वेचणारी बहुतेक मुले तीन-चार वर्षांची असल्याने आणि बोराची बी, शेंगदाणा किंवा कडक गोळी श्वासनलिकेत अडकण्याचा धोका या वयात अधिक असल्याने आम्ही चुरमुरे वाढवले, शेंगा व रेवड्या वगळल्या आणि गोळ्यांऐवजी बिस्किटांचे छोटे पुडे घातले. बोरे मात्र हवीतच, यावर सासूबाई ठाम होत्या (आणि बोरांवाचून बोरन्हाण कसले, हे मलाही मान्य होते), म्हणून ती मोजकी ठेवून नंतर मोजून परत गोळा केली.

औक्षणानंतर पाच मिनिटांत लूट संपली. पलंगाखालचे चुरमुरे मी अजून झाडते आहे.